मेबलचं नवीन शीड आणि लॉर्नाचे पाय

४ नोव्हेंबर

आज धक्क्यावर रोलंड फिचने मला विचारलं, "डेल, यंदाचा टर्की कुठे ठेवणार? तुझा फ्रीजर अजून गेल्या वर्षीच्याच टर्कीने भरलाय म्हणे."

रोलंड आमच्या शेजारी बोट लावतो, बोटक्लबचा चिटणीस आहे आणि पूर्वी दातांचा डॉक्टर होता. समोरच्याला उत्तर देता येऊ नये अशा वेळी प्रश्न विचारायची सवय त्याला तिथूनच लागली. नववर्षाच्या शर्यतीत जो सगळ्यांत शेवटी येतो त्याला आमचा क्लब गोठवलेला टर्की देतो. गेल्या आठ वर्षांत सहा टर्की आमच्या घरी आले. उरलेली दोन वर्षं आम्ही शर्यत पूर्णच केली नव्हती.

घरी येऊन मी बायकोला, लॉर्नाला, सांगितलं की आपली बोट मेबल संथ नाही, तिला शीड अपुरं पडतं. वारा पाठीमागून आला की त्या तरण्या पोरांच्या बोटींपुढे रंगीत फुगे फुगतात आणि आपण दोन चादरी वाळत घातल्यासारखे मागून जातो. तेव्हा यंदा तसलंच फुगणारं शीड, म्हणजे स्पिनेकर घ्यायचा. शर्यतवाल्यांचा नको, त्याला चार धट्टेकट्टे गडी लागतात. आपल्यासारख्या फिरतीच्या बोटींसाठी साधा मिळतो, दोन माणसांना झेपेल असा. एका लांब खोळीत असतो. खोळ वर ओढली की फुगतो, खाली ओढली की मिटतो.

"मला दोन माणसांना झेपेल असा हीटर हवा," लॉर्ना म्हणाली. "गेल्या शर्यतीत गेलेले माझे पाय मंगळवारी परत आले."

मग तिने शांतपणे सांगितलं की या शर्यतीपर्यंत ती थांबेल. यंदाही पाय असेच गार पडले तर सहा जानेवारीला ती बहिणीकडे, यव्हेटकडे, टूसॉनला जाईल ती एप्रिलमध्ये येईल. पुढच्या हिवाळ्यातही तसंच. त्याच्या पुढच्याही. टूसॉनला वाळवंट आहे. तिथे बोट ठेवायला जागासुद्धा नाही.

मी हे फार मनावर घेतलं आहे. एकोणतीस वर्षं आमची कामाची वाटणी ठरलेली आहे. मी सुकाणू धरतो, लॉर्ना खाली बसून कॉफी, सँडविच आणि नकाशे वर देते. दोघांनाही आपापलं काम उत्तम येतं. ती गेली तर कॉफी कोण देणार?

११ नोव्हेंबर

हीटर बसवला. डिझेलवर चालतो. त्याचं धुराडं डोलकाठीच्या पुढे डेकवर निघतं, वर टोपी घातलेलं, फार गोड दिसतं. आज बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती, आणि खाली लॉर्नाने कानटोपी काढली. मेबलवर हिवाळ्यात तिचे कान मी प्रथमच पाहिले.

दोन तासांनी ती वर आली. म्हणाली, "खाली छान ऊब आहे, पण कंटाळा आलाय. जरा सुकाणू दे."

मी म्हटलं इथे भरतीच्या पाण्याला ओढ फार आहे, पुढच्या खेपेला बघू. ती इकडे तिकडे बघून म्हणाली, "ओढ आता वीस मिनिटांत उलटेल," आणि खाली गेली. वीस मिनिटांनी ओढ उलटली, योगायोग म्हणायचा. घरी आल्यावर विचारलं तर पाय गारच. हीटर चालू असूनही पाय गार पडतात म्हणजे दोष मोज्यांत आहे. मेंढीच्या लोकरीचे तळवे मागवले, बुटात घालायचे.

१७ नोव्हेंबर

स्पिनेकर घ्यायचा तर डोलकाठीची नेमकी उंची लागते. लॉर्ना म्हणाली, "तेहतीस फूट सहा इंच. दोर बदलले तेव्हा लिहून ठेवलंय." पण अशा गोष्टी ऐकीव माहितीवर ठेवून चालत नाही. मी मोजपट्टीचं टोक दोराला बांधून वर चढवलं. टोकाला पोचल्यावर पट्टी तिथल्या दवात गोठली आणि काही केल्या खाली येईना.

शेवटी मी खुर्चीच्या पट्ट्यात बसलो आणि लॉर्नाने चक्री फिरवून मला वर खेचलं. मी अर्ध्यावर असताना रोलंड आला आणि तिच्याशी गप्पा मारू लागला. त्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं आहे. ते बारा मिनिटं चाललं. मला सगळं ऐकू येत होतं, पण माझं कोणी ऐकत नव्हतं.

मोजपट्टीप्रमाणे उंची तेहतीस फूट सात इंच. म्हणजे लॉर्नाचा अंदाज जवळजवळ बरोबर होता. पट्टीला बर्फ लागलं होतं हेही लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर

आज शीडवाल्या ऑगस्टा पेलकडे गेलो. तिची कार्यशाळा म्हणजे टेनिसचं मैदान मावेल अशी लाकडी जमीन, काचेसारखी घासलेली. तिथे शीडं अंथरतात म्हणून दारात बूट काढावे लागतात. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. लॉर्नाने एकावर एक चार मोजे घातले होते. ते काढून ती अनवाणीच आत गेली. म्हणाली, जमीन गरम आहे. जमीन मुळीच गरम नव्हती, मी हात लावून पाहिला.

ऑगस्टाने विचारलं, "मिस्टर क्विस्ट, वारा किती मागून असताना वापरणार?"

मी म्हटलं, "पूर्ण मागून."

"पूर्ण मागून नाही," लॉर्ना म्हणाली. "जरा तिरका ठेवणार. आमच्या मेबलचं नाक जड आहे, सरळ नेली तर लोळायला लागते. खांदे फार रुंद नकोत."

मला वाटलं बायकांचं काहीतरी कपड्यांचं चाललं आहे, म्हणून मी कोपऱ्यात जाऊन सुयांचे आकार पाहिले. तासाभराने येऊन बघतो तो दोघी जमिनीवर पालथ्या पडून खडूने वक्र रेषा काढत होत्या. लॉर्नाच्या नाकाला खडू लागला होता. मी म्हटलं, पडदे नंतर बघा, आधी शिडाचं बोला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी विनोद बरा करतो, असं फेरीबोटीच्या धक्क्यावर नोकरीला होतो तेव्हाही सगळे म्हणायचे.

नवीन शीड करायला मार्च उजाडणार. तयार आणि आमच्या मापाचं एकच होतं, वापरलेलं. मेक्सिकोला निघून ओरेगॉनहूनच परत आलेल्या एका जोडप्याचं. त्यांचं समुद्राकाठी खानावळ काढायचं ठरलं होतं. म्हणून जांभळ्या शिडाच्या मधोमध अठरा फुटी गुलाबी कोळंबी आहे, डोळे मोठाले, हसणारी.

मी ऑगस्टाला म्हटलं, "कोळंबी नसलेलं नाही का काही?"

"कोळंबी नसलेलं आहे, पण ते तुमच्या मेबलवर घातलं तर पाण्यात लोळेल."

लॉर्ना म्हणाली, "कोळंबी छान आहे."

घेतली. आज रात्री लॉर्ना पांघरुणात जाडजूड पुस्तक वाचत होती. प्रेमकथा असावी, कारण मध्येच स्वतःशी "हां, म्हणजे दोर सैल ठेवायचा" असं पुटपुटली.

१४ डिसेंबर

आज पहिली चाचणी. घडलं ते प्रामाणिकपणे लिहितो, नंतर रोलंड काहीही सांगत सुटेल.

वारा हलका, पाठीमागून. खाली हीटर चालू, लॉर्ना खाली, टूसॉनच्या विमानांचं वेळापत्रक वाचत. मला तिला चकित करायचं होतं. सुकाणू गुडघ्यांत धरलं, खोळ वर ओढली आणि कोळंबी फुगली. खरोखर फार सुंदर दिसली. मी अर्धा मिनिट तिच्याकडे बघत राहिलो आणि गुडघा कुठे गेला कळलं नाही. मेबलने नाक वळवलं, शिडातली हवा गेली आणि कोळंबी सगळीच्या सगळी मागे डेकवर कोसळली. धुराड्यावर.

मुलं मार्शमॅलो भाजतात आणि एखादा विस्तवात पडतो, तसा वास आला. लॉर्ना वर आली. तिने एका हाताने सुकाणू घेतलं, दुसऱ्याने दोर सोडला, पायाने दोराचं टोक दाबलं आणि खोळ खाली ओढली. नशिबाने त्याच क्षणी वारा पडला होता, म्हणून तिला जमलं.

भोक पॅनकेकएवढं आहे. बरोबर कोळंबीच्या उजव्या डोळ्याच्या जागी.

"डेल," लॉर्ना म्हणाली, "तापलेलं धुराडं आणि नायलॉन. हे दोन्ही तूच विकत आणलंस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे शीड लावायचं तर हीटर बंद. हीटर चालू तर शीड खोळीत. या दोघांचं पटणार नाही हे बंदरातल्या कुठल्याही माणसाने मला सांगितलं असतं. मीच कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर रोलंडने सांगितलं असतं.

२० डिसेंबर

ऑगस्टाने ठिगळाचं कापड दिलं, लॉर्नाने तिच्या कार्यशाळेत बसून लावलं. चार दिवस रोज जात होती. एका ठिगळाला चार दिवस लागतात हे मला माहीत नव्हतं. ठिगळ डोळ्याच्या आकाराचं नाही, आडवं आहे. त्यामुळे कोळंबी आता डोळा मारते.

लोकरीचे तळवे आले. कपाटात ठेवलेत, लॉर्नाला शर्यतीच्या दिवशी देईन.

२८ डिसेंबर

शर्यतीचा अर्ज भरायला क्लबात गेलो. ‘रंगीत शीड वापरणार का’ या प्रश्नापुढे मी मोठ्या ऐटीत ‘होय’ लिहिलं. रोलंडने अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"मग तू पोरांच्या गटात गेलास," तो म्हणाला. "पांढऱ्या शिडांच्या गटाला आम्ही वीस मिनिटं आधी सोडतो, डेल. आठ वर्षं तुला वीस मिनिटं आधी सोडतोय."

मला वाटायचं मी सुरुवात चांगली करतो.

"खोडू का?" त्याने विचारलं. लॉर्ना शेजारी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पेन उचलून रोलंडपासून लांब ठेवलं.

परत येताना गाडीत मी तिला विचारलं, हीटर की शीड, तूच सांग. शर्यतीत हीटर बंद ठेवला तर तुझे पाय जाणार आणि मग तू जाणार. ती म्हणाली, "शीड लाव." मी म्हटलं, "आणि टूसॉन?" ती म्हणाली, "तिकीट काढलंय. बघू."

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. टर्कीची नाही. जानेवारी ते एप्रिल या घरात मी एकटा काय बोलणार आणि कोणाशी? कॉफी मला करता येते. ती खालून वर कोणी द्यायला हवी एवढंच. हे मी तिला सांगणार होतो, पण तेवढ्यात घर आलं.

१ जानेवारी

वारा आग्नेयेचा, बऱ्यापैकी. दोरांवर हिमकण. हीटर बंद केला आणि धुराडं गार झालंय की नाही हे दोनदा हाताने पाहिलं. एकदा फार लवकर पाहिलं.

पहिला टप्पा वाऱ्याबरोबर. तोफ झाली आणि कोळंबी वर गेली. आठ बोटींवरची पोरं टाळ्या वाजवू लागली. मेबल पळत होती. अकरा टन वजनाची ही बया पळू शकते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आम्ही दोन बोटी मागे टाकल्या.

तेवढ्यात समोरच्या काठाहून फेरीबोट आली.

आता मी एकतीस वर्षं फेरीबोटीच्या धक्क्यावर गाड्या रांगेत लावल्या आहेत. समोरून काही मोठं येताना दिसलं की माझे हात आपोआप वर जातात. मी सुकाणू सोडून उभा राहिलो आणि उजवा तळहात पुढे करून फेरीला थांबायची खूण केली. डाव्या हाताने तिला दोन नंबरच्या रांगेत घेतलं.

फेरीने पाच वेळा भोंगा वाजवला. म्हणजे तुम्ही काय करताय ते आम्हाला कळत नाही. त्यांचं बरोबर होतं.

लॉर्ना वर आली, सुकाणू धरलं आणि मेबलला फेरीच्या मागच्या बाजूने अलगद काढलं. कोळंबी जराही फडफडली नाही.

"डेल," ती म्हणाली, "ती गाडी नाही. खाली जा, सूप गरम आहे का बघ."

मी खाली गेलो. सूप गरम होतं. वर दिलं. मग तिने नकाशा मागितला, तो दिला. मग सँडविच. मधल्या वेळात करायला काहीच नव्हतं. खिडकीतून नुसतं पाणी दिसतं. काय चाललंय हे आवाजावरून ओळखायचं, आणि ओळखून झालं तरी कोणाला सांगायचं नाही. पाऊण तासाने माझ्या डाव्या पायाचा अंगठा नाहीसा झाला, मग उजवा पाय पूर्णच. मी दोन्ही पाय चिंध्यांच्या पोत्यात घातले. इतक्या वर्षांत मी या जागी पाच मिनिटंही बसलो नव्हतो.

वरून आवाज आला, "आत आम्ही आहोत, जागा सोडा." मी डोकं बाहेर काढलं. लॉर्ना पोरांच्या बोटीवर ओरडत होती. वळणाच्या खुणेला तरंगणाऱ्या लाल बोयाशी तिने त्यांना बाहेरून जायला लावलं. टोपी नव्हती, कोटाची बटणं उघडी होती, नाक लाल झालं होतं. "खोळ," ती मला म्हणाली, "आत्ता. दोन्ही हातांनी." मी ओढली. "शाबास. आता मोठं शीड ताण. अजून. अजून, डेल, ते काही बाळ नाही."

मला हात दाखवून सांगायला माहीत आहे, सांगितलेलं करायला मी कधी शिकलो नव्हतो. पण तिच्याकडे बघून मी ताणत राहिलो. ती फार छान दिसत होती. आमचं लग्न झालं त्या वर्षी ती अशी दिसायची. मधे कधी थांबली ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं आणि मी ते मोठ्याने बोललो. वाऱ्यामुळे तिला ऐकू गेलं नाही. तिने मला दुसरा दोर दाखवला.

पोरांच्या गटात नऊ बोटींत सहावे आलो. टर्की रोलंडला मिळाला. तो पांढऱ्या गटात वीस मिनिटं पुढे होता. आमची डोळा मारणारी कोळंबी मागून येताना बघत बसला आणि चिखलात रुतला. भरतीपर्यंत तिथेच होता.

क्लबात सगळी पोरं लॉर्नाभोवती गोळा झाली. ती दोन्ही हातांनी हवेत वक्र रेषा काढून त्यांना काहीतरी समजावत होती. मी शेकोटीजवळ गरम पाण्याच्या घमेल्यात पाय टाकून बसलो.

४ जानेवारी

लॉर्ना फोनवर यव्हेटशी बोलत होती. मी ऐकत नव्हतो, फक्त त्याच खोलीत होतो.

"नाही येत गं. तिकीट रद्द केलं... नाही, तो बरा आहे. पाय सुजलेत त्याचे... माझे? माझ्या पायांना काय झालंय?"

माझा जीव भांड्यात पडला. लोकरीच्या तळव्यांनी एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. दुकानदाराला आभाराचं पत्र लिहायला बसलो आणि तळव्यांचं नाव बघायला कपाट उघडलं. पुडकं तसंच बंद होतं. शर्यतीच्या गडबडीत मी द्यायलाच विसरलो.

म्हणजे ते नुसते घरात असले तरी उपयोग होतो. पत्रात तसं लिहिलं.

७ जानेवारी

काल सहा तारीख होती. लॉर्ना घरी होती. आम्ही मटारचं सूप केलं आणि दिवसभर विशेष काही बोललो नाही. मला फार बरं वाटलं.

आज फेब्रुवारीच्या शर्यतीचा अर्ज टेबलावर भरलेला सापडला. अक्षर लॉर्नाचं. बोट: मेबल. रंगीत शीड: होय. कप्तान: लॉर्ना क्विस्ट, अनुभव एकोणतीस वर्षं.

मला वाटलं ही चूक आहे, कारण एकोणतीस वर्षं तर ती खाली बसली होती. पण मग खिडकीतून नुसतं पाणी दिसायचं ते आठवलं, आणि आवाजावरून सगळं ओळखायचं तेही, आणि मी खोडायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

त्याखाली तिच्याच अक्षरात होतं, खलाशी: डेलबर्ट क्विस्ट. अनुभव: नवशिका, पण शिकायची तयारी आहे.

तयारी आहे का, हे तिने मला विचारलं नव्हतं. मी सही केली.